उघडं दिसलं की बंद कर

"ह्ये कुणाचं उघडंय?" अशी सकाळी सव्वानऊला आरोळी आली की आमच्या ऑफिसात नवीन लागलेला माणूस आधी शर्टाची बटणं चाचपतो. जुने लोक मानही वर करत नाहीत. साळवे सरांनी स्क्रिप्ट चालवली, एवढाच त्याचा अर्थ.

वाळूजच्या आमच्या कारखान्यात साळवे सर सर्व्हर सांभाळतात आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांनी स्वतः लिहिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, आहे. ती प्रत्येक कॉम्प्युटरच्या एकेका पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरून आत यायच्या दारावर, टकटक करते आणि कुठून आत शिरता येतंय त्याची यादी देते. यादी बघितल्याशिवाय सर चहाला शिवत नाहीत. स्टोअरवाल्यांनी एकदा कसलंसं सॉफ्टवेअर टाकून एक पोर्ट उघडा ठेवला, तर भर कँटीनमध्ये त्यांची हजेरी घेतली. "घरी झोपताना कडी लावता का नाय? मग?" आता हा माणूस जेवणाचा डबासुद्धा कुलपात ठेवतो, त्याला कोण काय बोलणार! बजाजनगरच्या घराला कुलूप लावलं का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून माघारी जातो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी सगळे पासवर्ड माझ्या हवाली केले. "उघडं दिसलं की बंद कर. मला इचारत बसू नको." दुसऱ्याच दिवशी यादीच्या तळाशी सरांच्या घरच्याच, त्यांनी ऑफिसच्या नेटवर्कला जोडून ठेवलेल्या कॉम्प्युटरचा पोर्ट उघडा दिसला. मला लई आनंद झाला. गुरूचीच चूक सापडली म्हटल्यावर काय! लगेच बंद केला.

आठवड्यानं, सोमवारी, सर काळा चष्मा लावून आले. स्क्रिप्ट चालवली. आरोळी नाही, चहा नाही. मग म्हणाले, "घरचा कुणी बंद केला?"

मी केला म्हटलं. मग खुर्ची ओढून मला बसवलं आणि सांगितलं. त्यांची मुलगी पुण्यात असते. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा सर नाही नाही ते बोलले. तीन वर्षं फोन नाही. पण तिच्या वारलेल्या आईचे सगळे फोटो त्या घरच्या कॉम्प्युटरवर आहेत. ती कॉलेजात असताना सरांनीच तिला तो पोर्ट उघडून दिलेला. अजून दर रविवारी ती पुण्याहून त्यातून येते, दोन-चार फोटो बघते, जाते. सोमवारी सर फक्त ती किती वाजता आली होती ते कॉम्प्युटरच्या नोंदीत बघतात.

"कालचा रविवार गेला ना राजा. तिला वाटलं असंल, बापानं ह्ये बी बंद केलं."

मला स्वतःचाच राग आला.

दुपारी सरांचा फोन वाजला. चष्म्यातून मोबाइलवरचं बारीक अक्षर दिसेना, म्हणून मलाच नाव बघायला लावलं. पिंकी. सरांच्या हातून गडबडीत स्पीकर दाबला गेला.

"पप्पा, पोर्ट बंद दिसतोय. तुम्ही बरे आहात ना?"

सर फोन घेऊन बाहेर गेले ते अर्ध्या तासानं आले. पोर्ट उघडू का, मी विचारलं. आत्ताच्या आत्ता उघड म्हणाले. डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत म्हणून बजावलेलं, तरी चष्म्याखाली रुमाल चाललाच होता. दोन पावलं गेले आणि परत वळले.

"आन् ऐक. दिवाळीच्या आधी परत एकदा चुकून बंद कर."