चार बोटं भिंतीपासून

म्हात्रेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी चप्पल काढतात, मग नमस्कार करतात आणि मग थेट कपाटामागे हात घालतात. कपाट आणि भिंतीच्या मध्ये चार बोटं शिरली तर ठीक. नाही शिरली तर यजमानाने चहाचं आधण ठेवायच्या आधी कपाट पुढे ओढायला घ्यावं हे उत्तम. नाहीतर काका स्वतः ओढायला लागतात, आणि त्यांचं वय अडुसष्ट आहे.

"चार बोटं सोडायची," ते सांगतात. "भिंतीला वारा लागला पायजे. तुमी नाकाला उशी लावून झोपता का?"

आमची इमारत नवीन पनवेलात आहे. चार मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, कारण सेक्रेटरी निवडायच्या मीटिंगला मी गेलो नव्हतो. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, त्यामुळे जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवा प्यायची की घ्यायची हे कळत नाही. कमरेचे पट्टे हिरवे होतात, लग्नाच्या अल्बममधले नवरा-नवरी एकमेकांना कायमचे चिकटतात, आणि ऑफिसच्या बुटांवर अशी पांढरी लव येते की त्यांना दाढी करून द्यावीशी वाटते. बाकीचे लोक याला पावसाळा म्हणतात. म्हात्रेकाका याला ड्युटी म्हणतात.

काका मूळचे उरणकडचे. तिथल्याच एका गोदामात त्यांनी चौतीस वर्षं काढली. तांदळाची, साखरेची हजारो पोती समुद्राच्या तोंडावर कोरडी ठेवायची, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पावसाल्यात सगले मुलगी बगायला जातात. मना पावसाल्यात रजाच नसायची." निवृत्त होऊन ते आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आले तेव्हा हाताशी एकही पोतं उरलं नव्हतं. मग त्यांनी आम्हाला घेतलं. त्यांच्या लेखी आम्ही सोळा पोती आहोत, आणि त्यातली बरीचशी नीट रचलेली नाहीत.

शर्टाच्या खिशात ते एक गोल पितळी तबकडी बाळगतात. हवेतला ओलावा मोजणारी. तिला ते 'घड्याळ' म्हणतात. हॉलच्या मधोमध उभं राहून ते घड्याळ धरतात, डोळे बारीक करतात आणि जाहीर करतात, "ब्याऐंशी. घराला ताप हाय." पुढचे उपचार ठरलेले. खिडक्या समोरासमोर उघडा. कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. अंघोळ झाली की बाथरूमचा पंखा अर्धा तास चालू ठेवा. भात शिजताना झाकण ठेवा. हे ते बायकांना सांगत नाहीत, पुरुषांना सांगतात, आणि कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे पुरुषांना माहीत नसलं की फार दुःखी होतात.

त्यांची आणि आमची ओळख जरा वाईट झाली. आमच्या हॉलची एक भिंत दर पावसाळ्यात ओली व्हायची. माझ्या बायकोने, माधवीने, गणपतीच्या तोंडावर त्या भिंतीवर प्लॅस्टिकचे पॅनेल लावून घेतले. संगमरवराचं डिझाइन, सोनेरी पट्टी. ते बघायला तिचे भाऊ-वहिनी मुद्दाम आले होते. शिऱ्याच्या बशा हातात होत्या. काका वर्गणीची पावती घ्यायला म्हणून आले, दोनदा नाक ओढलं आणि खिशातून पेचकस काढला. मी "अहो काका" म्हणेपर्यंत सोनेरी पट्टी त्यांच्या हातात होती. पॅनेलच्या मागे काळं, हिरवं आणि एका कोपऱ्यात चक्क गुलाबी असं काहीतरी वाढलेलं होतं.

"बगा," काका कौतुकाने म्हणाले. "मखमल."

माझ्या मेहुण्याने शिऱ्याची बशी खाली ठेवली. काका मात्र शिकवायच्या तयारीत होते. "ओली भिंत झाकायची नाय. आदी पानी कुठून येतं तं शोदायचं. मंग पुसायचं. मंग सुकवायचं. रंग एकदम शेवटी." मी तत्परतेने झाडू आणला तर ते माझ्यावर ओरडले, "झाडू नको! सुकी झाडशील तं सगल्या घरात उडल. ओल्या फडक्यानं पूस नि फडका फेकून दे." मग मी ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड एकाच बादलीत ओतायला निघालो, तेव्हा त्यांनी बादलीच हिसकावून घेतली. "दोनी एकत्र केलंस तं बुरशी र्‍हाईल, तूच जाशील."

माधवी त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. खिडकीच्या वरची फट त्यांनी बुजवून दिली, भिंत व्हिनेगरने पुसून टेबलफॅन लावून सुकवली, आणि पाचव्या दिवशी तिने त्यांना उकडीचे मोदक पाठवले. पॅनेल माळ्यावर गेले.

एकदा काका भाच्यासाठी मुलगी बघायला बेलपाड्याला गेले होते. घरातलं वडीलधारं माणूस म्हणून भाच्याने हौसेने नेलं. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा काका शोकेसच्या मागे होते, फक्त पाय दिसत होते. मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला. शोकेसमागून आवाज आला, "पोरगी चांगली वाटतेय. शोकेस पुडं घ्या." मुलीने पोह्यांचा ट्रे टीपॉयवर ठेवला, पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूने शोकेसला हात लावला. लग्न तिथेच ठरलं. भाचा म्हणतो आम्ही पत्रिका नंतर बघितली.

आणि शिट्टी! गोदामातली ती शिट्टी अजून त्यांच्याकडे आहे. ऑगस्टमध्ये सकाळी ते गच्चीवर जाऊन कर्नाळ्याचा सुळका बघतात. सुळका स्वच्छ दिसला की ऊन येणार, असा त्यांचा हिशेब. मग शिट्टी वाजते आणि सोळाही घरांतून गाद्या, उशा, बूट, मसाल्याच्या बरण्या, रजया घेऊन माणसं जिन्यात चेंगराचेंगरी करतात. एकदा ऊन सात मिनिटं टिकलं. सोळा घरांच्या गाद्या भिजल्या. आम्ही सगळे भांडायला गेलो तर काका शांतपणे म्हणाले, "ऊन माज्या हातात नाय. माज्या हातात शिट्टी हाय." आम्ही गाद्या पिळत खाली आलो.

गेल्या पावसाळ्यात सोसायटीने ठराव केला की ज्याच्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी झिरपतंय त्याने ते लगेच फोडून दुरुस्त करायचं. कुठे ओल आहे, कुठे नाही, याची पाहणी अर्थातच काकांकडे. त्यांनी आठ दिवसांत सोळा घरांचा तक्ता आणून दिला. माझ्या घरापुढे 'सुदारनेला वाव' असा शेरा होता. त्यांच्या स्वतःच्या घरापुढे एकच शब्द होता, 'कोरडं'. मी सही केली.

पण काका खोकत होते. जुलैपासून खोकत होते. शिट्टी फुंकायला श्वास पुरेना म्हणून ते थाळी वाजवायला लागले होते. एका रविवारी माधवीने कुळथाचं पिठलं आणि भात दिला, तो घेऊन मी अकराच्या सुमारास खाली गेलो. दार लोटलेलं होतं. हॉलमध्ये कपाट, टेबल, खाट, सगळं भिंती सोडून मधोमध दाटीवाटीने उभं होतं. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला, म्हणून आत गेलो.

बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत वरपासून खालपर्यंत काळी होती. मी एवढी बुरशी कुणाच्याच घरात पाहिली नव्हती. काका तोंडाला रुमाल बांधून, हातात फडकं घेऊन स्टुलावर बसले होते.

"काका! हे काय?"

"गप. ऐक."

वर बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला. मग पाणी ओतल्याचा. थोड्या वेळाने भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात चकाकी आली आणि एक ओघळ सरकत खाली आला.

"झाली कासिमभाईची आंगोल," काका म्हणाले आणि पुसायला उठले.

काकांच्या घराच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात हमीदाआपा आणि त्यांचे पती कासिमभाई राहतात. कासिमभाई बावीस वर्षं कुवेतला ट्रक चालवून परत आले आणि दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले.

"मोरी फोडली तं पंदरा दिस लागतील," काका म्हणाले. "त्या मानसाला दिसातून तीनदा धुवायला लागतं. भाबी एकटी. कुटं नेल त्याला?"

"पण तक्त्यात तुम्ही कोरडं लिहिलंत."

"लिवलं. चौतीस वर्सांत एक पोतं खोटं लिवलं नाय. ह्यो एकच शब्द." त्यांना पुन्हा उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, "आनि पानी आलं की कलतं, वर सगलं ठीक हाय. एकदा अकराला आलं नाय, तं मी धावत वर गेलो. टाकीच रिकामी होती. तू तक्ता बदलू नको, सेक्रेटरी."

मला माझीच लाज वाटली. मी या माणसाच्या नकला करून सोसायटीच्या पिकनिकला टाळ्या घेतल्या होत्या. आणि तो तीन महिने ही काळी भिंत छातीत भरून घेत होता, फक्त वरच्या माणसाची अंघोळ चुकू नये म्हणून.

मी वर येऊन माधवीला सगळं सांगितलं. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आपल्याकडे दोन बाथरूम आहेत ना? मग दारासमोर दार आहे, कासिमभाईंना बसवून खुर्ची सरळ आत येईल." एवढी साधी गोष्ट मला सेक्रेटरी असून सुचली नव्हती.

हमीदाआपा भिंत बघायला खाली आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाईसाब, आमचं पाणी तुमच्या भिंतीवर पडतंय नि तुम्ही एक लफ्ज बोललात नाय?"

"भाबी, तुमच्या पान्याचा काय गुन्हा नाय," काका म्हणाले. "भिंतच नाजूक हाय."

वरची मोरी फोडून दुरुस्त होईपर्यंत सतरा दिवस कासिमभाईंची अंघोळ आमच्याकडे झाली. पहिल्या दिवशी काका घड्याळ घेऊन आले, आमचं बाथरूम तपासलं, पंखा कमी पडतो म्हणून स्वतःचा आणून बसवला, आणि नंतर रोज खुर्चीची एक बाजू धरायला हजर राहिले. कासिमभाईंना बोलायला त्रास होतो, पण काका त्यांना गोदामातल्या उंदरांच्या गोष्टी सांगत आणि ते अर्ध्या तोंडाने हसत. ऑक्टोबरपर्यंत भिंत सुकली, पांढरी झाली. खोकलाही गेला.

आता काका खूश असतील असं मला वाटलं होतं. दिवाळीनंतर एका सकाळी मी घराबाहेर पडत होतो, तर ते जिना चढून वर येत होते. हातात घड्याळ नाही, पेचकस नाही. समोरच्या दाराशी थांबून त्यांनी शर्ट सारखा केला.

"काय काका, पाहणी?"

"नाय रे." ते चक्क लाजले. "भिंत सुकली ना. आता खाली काय कलत नाय, वर कसं हाय तं. इचारायला यावं लागतं."

त्यांनी बेल दाबली. हमीदाआपांनी दार उघडायच्या आधीच आतून कासिमभाईंचा जड, अडखळता आवाज आला.

"म्हात्रे... आला?"

"आलो, आलो," काका बंद दाराकडे बघून म्हणाले.