पाहुणीचा व्हिसा

निर्मला लेकीच्या, राजनंदिनीच्या, बाळंतपणासाठी मेलबर्नला गेली आणि परत यायच्या सुमारास तिथल्या कॉलेजात नाव घालायला निघाली. तिचा फोन आला तेव्हा अवसरी बुद्रुकला तिचे यजमान दादाभाऊ भात करपवत होते.

"बालवाडीच्या बाईंचा कोर्स हाय," निर्मला म्हणाली. "एवढी वर्सं अंगणवाडी सांभाळली, मला जमंल. राजनंदिनी पण म्हणती, कर."

"आणि मी?"

"तुमी काय ल्हान हाय व्हय?"

दादाभाऊंना नाही म्हणवेना. लग्नापायी तिचं कॉलेज सुटलं होतं, हे ते विसरले नव्हते. पण तिच्यावाचून घर खायला उठलं होतं. मेंढरांना चारा टाकताना ते त्यांच्याशीच बोलू लागले होते. शेवटी त्यांनी मंचर गाठलं. तिथे ओळखीच्या हस्तीमलशेठच्या नातवाचं, संयमचं, व्हिसाचं ऑफिस होतं.

"वहिनी पाहुण्या म्हणून गेल्यात ना?" संयम म्हणाला. "मग तिथं राहून विद्यार्थ्याचा व्हिसा मागता येत नाही. देशाबाहेर यायचं, मग अर्ज करायचा. आता नियमच तसा आहे."

"म्हंजी घरी यावंच लागंल?"

"यावंच लागेल."

"लई चांगला नियम हाय, राव," दादाभाऊ म्हणाले आणि येताना पेढे घेऊन आले.

पारावर पेढे वाटताना ते आनंदात एवढंच बोलले, "तिकडचं सरकार काय तिला ठिवून घेत न्हाई." घास गिळेपर्यंत ते वाक्य गावभर झालं आणि जाताना वाढत गेलं. दिवेलागणीला चुलती धोंडाबाई डोळ्याला पदर लावून आली.

"काय केलं म्हणायचं तिनं, की हाकलून देत्यात?"

"काय न्हाई केलं. शिकायचं म्हणत व्हती."

"एवढ्यासाठी?" धोंडाबाईने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा सावळाराम ओळखीच्या वकिलाचा नंबर देऊन गेला. दादाभाऊ जितकं समजावत, तितकी लोकांना त्यांची जास्त कीव येई. निर्मला गाडीतून उतरली तेव्हा दारात सगळी भावकी पडलेल्या चेहऱ्याने उभी होती. ती मात्र हसत उतरली.

"बरंच झालं," ती घरात आल्यावर म्हणाली. "अर्जाआधी इंग्रजीची परीक्षा द्यायची हाय. आता हितं निवांत अभ्यास करते. पण सराव पायजे. उद्यापासून घरात मराठी बंद."

दादाभाऊंना वाटलं, गंमत करते. पण सकाळी चहा मागितला तर ती म्हणाली, "इंग्लिश, प्लीज."

"टी."

"फुल सेंटेन्स."

पूर्ण वाक्य जुळेपर्यंत चहा निवला. जेवणात आमटी पुन्हा हवी होती, पण 'पुन्हा' कुठे लावायचं ते सुचेना, म्हणून ते कोरडी भाकरी खाऊन उठले. जिच्याशी बोलायला जीव तळमळत होता ती समोर बसली होती, आणि यांना तोंड उघडायची सोय नव्हती. तरी घरात तिचा आवाज होता. ती मोठ्याने वाचत बसली की दादाभाऊ उगाच उंबऱ्यात रेंगाळत. मधूनच ती अडखळून स्वतःशीच हसे, अन् कळो न कळो, यांनाही हसू येई.

निर्मला परीक्षा पास झाली. त्या दिवशी तिने स्वतःहून मराठीत आमटी वाढली, दोनदा. दुसऱ्या दिवशी तिचा अर्ज भरायला दोघं मंचरला गेली. काम झालं, निर्मला बाहेर पडली, पण दादाभाऊ खुर्चीतून उठेनात.

"मेंढरं भाऊ बघतो म्हणलाय," ते हळूच संयमला म्हणाले. "माझं पण बघा काय व्हतंय का. पाहुणा म्हणून नगं, पाहुण्याला माघारी लावून देत्यात. नवरा म्हणून काय असंल तर सांगा."