पुंडलिकभाऊ आणि तहानलेल्या भिंती

पुंडलिकभाऊ भिंतीला गाल लावतात. नव्या बांधलेल्या कुठल्याही घरात शिरले की चपला काढायच्या, यजमानाला रामराम घालायचा आणि डोळे मिटून गाल थेट भिंतीला टेकवायचा, ताप आलेल्या लेकराचं अंग पाहावं तसा. "हात खोटं सांगते," असं त्यांचं म्हणणं. "हाताले चटक्याची सवय असते. गाल बरोबर सांगते."

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या बंगल्याची वास्तुशांत होती. पूजा ऐन रंगात आलेली आणि भाऊंनी हॉलच्या भिंतीपाशी उभं राहून जाहीर केलं, "डॉक्टरसाहेब, तुमची भीत तहानलेली हाय." भटजी मंत्र विसरले. डॉक्टरीणबाईंनी त्या भिंतीचा रंग निवडायला चार महिने घालवले होते, त्यांनी भाऊंना प्रसाद वाढताना हात आखडता घेतला. भाऊंच्या ते ध्यानातही आलं नाही. ते तोवर स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी पोचले होते.

लग्नात आहेर देतानाही त्यांचा आशीर्वाद ठरलेला असतो. "पहिले एकवीस दिवस सांभाळा. मंग काही होत नाही." नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात, फोटोवाला हसतो आणि भाऊ समाधानानं जेवायच्या रांगेकडे वळतात.

भाऊ अमरावतीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. उभी नोकरी लोकांचं पाणी सोडण्यात आणि बंद करण्यात गेली, त्यातल्या बंद करण्याबद्दलच्या शिव्या तेवढ्या वाट्याला आल्या. रिटायर झाल्यावर वहिनी गेल्या, मुलगा हैदराबादला. माणूस सकाळी आठलाच घराला कुलूप लावायचा आणि चौकात उभा राहायचा. कुठं निघालात विचारलं, तर "पाह्यतो" म्हणायचा. मला त्याची फार चुटपुट लागायची, म्हणून एका रविवारी मी त्यांना आमच्या गटात ओढलं.

हा आमचा गट म्हणजे हौशी लोकांचा. कुणाचं घर पावसात पडलं, कुणाला घरच नाही, अशा कुटुंबांना आम्ही रविवारी जमून घर बांधून देतो. एक औषधाच्या दुकानाचे मालक, काही मास्तर, मी कॉलेजातला ग्रंथपाल, असे सगळे मिळून बाराजण. खरं काम येतं ते एकट्या रफीक मिस्त्रींना. आम्ही रविवारी रचलेल्या विटा ते सोमवारी गुपचूप सरळ करतात आणि आमच्या तोंडावर "वा साहब, हात बैठ गया" म्हणतात.

आमच्या पहिल्याच घराला आम्ही फार प्रेमानं प्लास्टर केलं. फोटो काढले, पाठी थोपटल्या, घरी गेलो. प्लास्टरला पुढं रोज पाणी मारावं लागतं हे प्रत्येकाला माहीत होतं. दुसरा कुणीतरी मारेल, हेही प्रत्येकाला माहीत होतं. पुढच्या रविवारी गेलो तर भिंतीभर भेगा. त्या घरची बाई नुसती भेगांवरून बोट फिरवत राहिली. त्या दिवशी भाऊ पहिल्यांदाच आमच्याबरोबर आले होते. त्यांनी गाल लावला आणि विचारलं, "बारा जणं होते ना राजेहो? एकालेबी भितीची आठवण नाही आली?" आम्ही सगळे चपलांकडे बघत राहिलो. तेव्हापासून पाणी भाऊंकडे आलं.

भातकुलीला कौसल्याबाईंचं घर निघालं तेव्हा मात्र त्यांची कसोटी लागली. कौसल्याबाईंची सून बाजारात भाजी विकते, नात शाळेत जाते आणि म्हातारी गुडघ्यांमुळे घरीच. मातीची भिंत बसल्यापासून तिघी टिनाच्या आडोशाला होत्या. पावसाळ्याच्या आत स्लॅब पक्का झाला तर ठीक, त्याला तडे गेले तर पुन्हा त्याच टिनाखाली. आणि तिथलं बोअरचं पाणी खारं. ते मारलं की भिंतीवर पांढरा खार फुटतो. नळाचा नेम नाही.

भाऊंनी यावर उपाय काढला. अमरावतीहून गोड्या पाण्याचे डबे स्कूटरवर लादून रोज भातकुली. दोन पुढं, दोन मागं, सायकलच्या ट्यूबनं आवळलेले. स्लॅबवर पोती पसरायची आणि ती एकवीस दिवस भिजती ठेवायची. एकदा सुट्टी होती म्हणून मी मागं बसलो, मांडीवर पाचवा डबा घेऊन. मी मूळचा अकोल्याचा, उन्हाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये अशी माझी समजूत होती. उन्हानं काही केलं नाही, पण डब्याचं झाकण सैल निघालं. भातकुलीत उतरलो तेव्हा माझी पँट पाहून पारावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले.

पारावरचा एक जण भाऊंना रोज छेडायचा. "काका, भितीले गोडं पानी अन् आमाले खारं? माणसाईले पाजा ना थोडं."

"माणूस तोंडानं मांगते," भाऊ डबा उतरवत म्हणायचे. "भीत मांगत नाही."

पण एकदा कौसल्याबाईंना डब्यातून गडवाभर पाणी घेऊन पिताना त्यांनी धरलं. चांगलेच बिघडले. "भितीचं पानी पेल्या का तुमी?" म्हातारी ओशाळली. दुसऱ्या दिवसापासून एक डबा कानाला लाल दोरा बांधून येऊ लागला. "हा तुमचा. बाकीच्याले हात लावू नका," एवढंच बोलून भाऊ शिडी चढले.

एकवीस दिवस झाले, स्लॅब दगडासारखा निघाला. दारं बसली, रंग झाला, नारळ फुटला. आमच्या गटानं अंजनगाव सुर्जीला पुढच्या घराचा पाया आखायला घेतला. तिथं भिंती उभ्या राहायला अजून अवकाश होता. भाऊंना इतके दिवस काम नाही, ते पुन्हा चौकात उभे राहणार, हे मनात येऊन मला वाईट वाटायचं. पण ते चौकात दिसेनात.

घराच्या फोटोची फ्रेम द्यायला मी एका दुपारी भातकुलीला गेलो. दारात स्कूटर. वर, दोन महिन्यांच्या पक्क्या स्लॅबवर, भाऊ मगानं पाणी शिंपडत होते.

"आजी, स्लॅब तं कवाचाच पक्का झाला," मी हळूच म्हटलं.

"मले नाही मालूम काय?" कौसल्याबाई त्याहून हळू म्हणाल्या. "एकविसाव्या दिवशी खाली उतरले, पायरीवर बसले, म्हने झालं. अन् उठेच ना. तीन कप चहा पेले. मले पाहवलं नाही बाप्पा. म्हटलं भाऊ, तो मांगचा कोपरा अजून गरम लागते. तवापासून येऊन राहिले बिचारे. एकटा माणूस हाय. आपलं काय जाते?"

भाऊ खाली आले. सुनेनं झाकून ठेवलेली भाकर आणि वांग्याची भाजी म्हातारीनं पुढं केली. न विचारता वाढलं, न विचारता खाल्लं. त्या घरात हे रोजचं होतं.

परत येताना मी स्कूटरवर मागं होतो. रिकामे डबे खडखडत होते. भाऊंनी गाव मागं टाकलं. मग मान न वळवता म्हणाले, "म्हातारी म्हनते कोपरा गरम हाय."

"हो, मलेबी म्हणाल्या."

"काही गरम नाही. जिंदगी पाण्यात गेली माझी, मले समजत नाही काय? पण सून बाजारात, पोरगी शाळेत. दिवसभर कोनी बोलाले नाही तिले. नाही गेलो तं वाईट वाटंन. म्हनून जातो." पुढं म्हणाले, "तिले सांगू नका बरं."

मी सांगणार नाही म्हणालो. दोघांचं गुपित पोटात ठेवलं.

घरी आलो तर बायकोनं विचारलं, "भातकुलीचं काम संपलं ना एकदाचं?"

"कुठं," मी म्हटलं, "मागचा कोपरा अजून कच्चा आहे."