डाव्या घळीची चौकशी

एका जंगलात, बाळांनो, घर शोधायला आलेल्या प्राण्याला ‘माहीत नाही’ असं सांगणं पाप मानलं जाई. पाणी विचारलं नाही तरी चाले. उत्तर मात्र द्यावंच लागे.

त्या जंगलात भागीरथी नावाची एक सशीण राहायची. तिला आठवड्याभरात पिल्लं होणार होती आणि तिच्या बिळाचं छत कोसळायला आलं होतं. नवरा धोंडोपंत तीन दिवसांपासून ते छत डोक्यावर तोलून उभा होता. “घर बघ, बाई, लवकर,” एवढंच म्हणायचा. जास्त बोललं की माती तोंडात जायची.

नदीपलीकडच्या डाव्या घळीत एक तयार बीळ रिकामं आहे, असं भागीरथीच्या कानावर आलं. पण वस्ती अनोळखी. म्हणून ती जांभळाखालच्या चौकशी कट्ट्यावर गेली.

कट्ट्यावर नानासाहेब वानर आणि शकूताई साळुंकी बसायचे. दोघांनी जन्मात कधी नदी ओलांडली नव्हती. त्यामुळे पलीकडची सगळी माहिती त्यांना तोंडपाठ होती.

“पाणी कसं आहे हो तिकडे?” भागीरथीनं विचारलं.

“बारमाही!” नानासाहेब म्हणाले.

“आणि खाण्यापिण्याचं?”

“गाजरं,” शकूताई म्हणाली. “आपणहून जमिनीतून वर येतात. वाकावं लागत नाही. तुमच्या अशा दिवसांत बरंच ते.”

“शेजार?”

“देवमाणसं!” दोघं एकदम म्हणाले.

तेवढ्यात नारबा कासव हळूहळू पुढं आला. “बाई, डाव्या घळीतल्या डोहात मी चाळीस वर्षं काढली,” तो म्हणाला. “तिथं बिबट्या राहायला आलाय. चार महिने झाले. जाऊ नका.”

नानासाहेबांनी शेपटी सावरून विचारलं,

“बरं, नारबा. मग उजव्या घळीत कोण राहतं?”

“ते मला माहीत नाही. तिकडे मी कधी गेलो नाही.”

शकूताईनं चटकन आपल्या पिल्लाचे कान झाकले. चारचौघांत असले शब्द!

“ऐकलंत, भागीरथीबाई?” नानासाहेब म्हणाले. “ज्याला उजवीकडचं माहीत नाही, त्याच्या डावीकडच्या माहितीवर काय भरवसा ठेवायचा? शिवाय हा तिथलाच रहिवासी. म्हणजे पक्षपाती!”

भागीरथीला ते पटलं. हसू नका, बाळांनो. तुमच्या घरी फ्लॅट घेताना कुणाकुणाला विचारलं होतं, ते आधी वडिलांना विचारा.

ती नदी ओलांडून डाव्या घळीत गेली. बीळ खरंच झकास होतं. कोरडं, उबदार, छत मजबूत. पिल्लांना कुठं निजवायचं, धोंडोपंतांना कुठं बसवायचं, सगळं तिनं मनाशी ठरवून टाकलं. इतक्यात दारात अंधार झाला.

“नमस्कार,” बिबट्या म्हणाला. “पसंत पडलं का बीळ?”

भागीरथी मागच्या भिंतीला चिकटली. दार अरुंद होतं, पंजा तिच्यापर्यंत पोचत नव्हता. पण बाहेर पडायला दुसरं दारच नव्हतं.

“मला घाई नाही,” बिबट्या तिथंच बसकण मारत म्हणाला. “चार महिने उपाशी आहे, आणखी दोन दिवस बसेन. कट्ट्यावर मला सांगितलं होतं, इथं हरणं दारात येऊन उभी राहतात. बाई, मी चार महिने खेकडे खातोय हो!”

भागीरथीला त्याची जराही दया आली नाही. तिला आपली न जन्मलेली पिल्लं दिसत होती. तिनं कान ताठ केले, घसा खाकरला आणि थेट नानासाहेबांच्या थाटात म्हणाली,

“एका सशासाठी दोन दिवस ताटकळायचं? शोभतं का तुम्हाला? पोफळदरीत का नाही जात?”

“कशी आहे ती?” बिबट्यानं मान वर केली.

“भेकरं इतकी, की चालताना पायात येतात.”

“पाणी?”

“बारमाही.”

“शेजार?”

“देवमाणसं!”

बिबट्यानं जिभल्या चाटल्या. मग त्याला शंका आली. “तुम्ही स्वतः पाहिलीय ना दरी?”

“छे! तिथं पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही,” भागीरथी म्हणाली. “म्हणून तर निःपक्षपातीपणे सांगतेय.”

बिबट्याची खात्री पटली. त्यानं मनापासून आभार मानले आणि सात डोंगर ओलांडून निघून गेला. पोफळदरी नावाची दरी कुठं आहे का, हे भागीरथीला आजतागायत ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी धोंडोपंत नव्या घरी आले आणि तीन तास नुसते बसून राहिले. आठवड्यात पाच पिल्लं झाली. गाजरं काही वर आली नाहीत, पण गवत होतं.

कट्ट्यावर नानासाहेबांचा सत्कार झाला. खोटी अफवा पसरवली म्हणून नारबाला माफी मागायला लावली. त्यानं मागितली बिचाऱ्यानं. कासवच ते, सोमवारी सुरू केलेली माफी गुरुवारी संपली.

तात्पर्य : नव्या वस्तीची चौकशी तिथं राहणाऱ्याकडे कधीही करू नये. तो खरं सांगतो, आणि हातचं घर जातं.