मागे कोणीतरी आहे

नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला लेक रंजीताच्या सोबतीला आपण स्वतः बसायचं, असं मुखरूभाऊंनी ठरवलं. (बायको रंभा म्हणाली होती, "तुमी जाऊ नोका, काईतरी घोळ करान." पण बायकोचं ऐकायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती.)

परीक्षा मोबाइलवर होती, आणि नेटवर्क मिळायचं ते फक्त जंगलाला लागलेल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. वर्षभराचे ऑनलाइन क्लासही रंजीताने तिथेच बसून केले होते. पण चार दिवसांपूर्वी तिथेच वाघाने शेजारच्या डोमाची गाय मागून धरली.

वाघ मागूनच येतो. म्हणून तिकडची माणसं रानात जाताना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधतात. वाघाला वाटतं, हा बघतोय. मुखरूभाऊंनीही तो बांधला आणि काठी घेऊन, पोरीकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून बसले. मुखवटा चांगला गोरापान होता, डोळे टक्क उघडे.

"तू पेपर लिव, माय. मी आहो ना."

नियम कडक होते. मोबाइलचा कॅमेरा सतत नजर ठेवणार. मान वळवायची नाही, आणि तीन इशारे झाले की पेपर बंद. म्हणजे वर्ष गेलं.

दहा मिनिटांनी मोबाइलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपल्या मागे अन्य व्यक्ती दिसत आहे. पहिला इशारा."

मान न हलवता रंजीता कुजबुजली, "बाबा, मांगं कोण हाये?"

मुखरूभाऊंनी जंगल न्याहाळलं. एक पान हलत नव्हतं. वानरंही गप्प झाली होती.

"कोणीच नाई," ते म्हणाले खरे, पण बाई 'व्यक्ती' म्हणाली होती, वाघ नव्हे. आपल्याला न दिसणारं आणि मशीनला दिसणारं असं त्या झुडपांत कोण उभं असेल? भाऊ बसल्या बसल्या पोरीच्या दिशेने मागे सरकले.

"ती व्यक्ती जवळ येत आहे. दुसरा इशारा."

भाऊंनी देवाचं नाव घेतलं आणि आणखी दोन हात मागे सरकले. (संरक्षणासाठी, असं ते आजही सांगतात.)

तेवढ्यात पडद्यावर परीक्षक साहेबच उगवले. "मुली, तुझ्या खांद्यामागचा माणूस... मघापासून त्याची पापणी हललेली नाही. कोण आहे तो?"

"कुठी हाये, साहेब?" मुखरूभाऊ ओरडले.

"अरे बापरे! ओठ न हलवता बोलला!"

भाऊंनी गर्रकन मान फिरवली. साहेबांना एकाच मुंडक्याला दुसरं तोंड फुटलेलं दिसलं आणि ते खुर्चीसकट दिसेनासे झाले. आता रंजीताने नियम गुंडाळून मागे पाहिलं. तिला रडूच आलं.

"सर, पेपर बंद नोका करू! हे माहे बाबा हायेत. तो मुखवटा हाये, वाघासाठी!"

साहेब उठून बसले, पाणी प्यायले. त्यांनी मुखवटा काढायला लावला. मग मुखरूभाऊंचा खरा चेहरा बराच वेळ निरखला.

"पेपर सुरू ठेव," ते शेवटी म्हणाले. "मुखवट्याकडे बघून मला वाटलं होतं, हा उत्तरं सांगत असेल. यांच्याकडे बघून ती शंका राहिली नाही."