सयाजीराव उडाले!

सोलापूर ते मुंबई विमानानं तासाभराचं, मोटारीनं सात-आठ तासांचं. पतसंस्थेत क्लार्क असूनही सयाजीरावांचं एवढं गणित बरोबर होतं. चूक पुढं झाली.

लेकीचा, संस्कृतीचा, साखरपुडा संध्याकाळी मुंबईला, मुलाकडं. मेहुणा शिवराज सकाळीच सगळ्यांना मोटारीत कोंबून निघाला. हा शिवराज म्हणजे घरच्या कुठल्याही कार्यात पुढं. बारशात पुढं, पंगतीत पुढं, फोटोत तर विचारूच नका. (सयाजीरावांच्या लग्नाच्या अल्बममध्येही नवरदेवापेक्षा तोच जास्त!) निदान पोरीच्या साखरपुड्याला तरी बापाच्या पाटावर बापच बसावा, म्हणून सयाजीरावांनी दुपारच्या विमानाचं तिकीट काढलं.

"आवं, चला की आमच्यासंगं," वैजयंतीबाई खिडकीतून म्हणाल्या.

"तुमी या धूळ खात. मी व्याह्यांसंगं चहा पीत बसतो!"

आता गुमान जायचं की नाही? पण भावकीतला पहिला विमानप्रवास, आणि तो कुणाला कळू नये म्हणजे काय! चौकात फ्लेक्स लागला होता : 'सयाजीरावांना विमानप्रवासाच्या हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार.' (मित्रपरिवाराला हे फ्लेक्स वाचूनच कळलं. तो लावला होता सयाजीरावांनीच.)

मग काय, विमानतळाच्या दारात गावाकडची, वैरागची भावकी टेम्पो करून हजर. प्रत्येकाचा हार, प्रत्येकाची टॉवेल-टोपी, प्रत्येकाचा वेगळा फोटो. त्यात भावी नगरसेवक बसलिंगप्पा भाषणाला उभे राहिले.

"मित्रहो! सयाजीराव आज आपल्यातनं वर चाललेत..."

थोरल्या चुलतीनं, फुलाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला.

"अण्णा, आटपा की! काउंटर बंद होतंय," सयाजीराव हाराच्या आडून कुजबुजले.

"बसा हो. सत्कारमूर्ती मधनं उठत न्हाईत!"

भाषण संपलं. मग आभार. आमच्याकडं आभार म्हणजे दुसरं भाषणच असतं. ते संपताच सयाजीराव नारळ सावरत आत पळाले.

"सॉरी सर, काउंटर बंद झालं," आतली मुलगी म्हणाली.

पाऊण तास विनवण्या झाल्या, काही उपयोग झाला नाही. ते मान खाली घालून मागच्या बाजूनं बाहेर आले, तोच डोक्यावरून विमान गेलं. खाली सगळी भावकी वर बघून हात हलवत होती, "गेले, गेले! सयाजीराव उडाले!" आणि सयाजीराव त्यांच्याच पाठीमागं, झाडाच्या आडोशाला! पुढं होऊन सांगायची लाज वाटली. रिक्षा केली, एसटी स्टँड गाठला आणि मुंबईच्या गाडीत बसले. गळ्यातले हार काढायचंही भान नव्हतं.

दोनेक तासांनी फोन वाजला. व्याही होते.

"सयाजीराव, तुम्हाला घ्यायला मी हार घेऊन विमानतळावर उभा आहे. विमान तर कधीच उतरलं. तुम्ही कुठल्या दारानं येताय?"

आता खरं सांगावं, तर अब्रू गेली.

"हा काय... उतरतोच आहे!"

तेवढ्यात एसटी थांबली आणि कंडक्टर ओरडला, "इंदापूर! धा मिनिटं थांबंल! च्या घ्या, लघवीला जाऊन या!"



"असू दे, सयाजीराव," व्याही अगदी मायेनं म्हणाले, "तुमचं विमान येऊ दे सावकाश. शिवराजराव पोचतीलच आता. तोवर पाटावर त्यांना बसवतो."