मधल्या चित्रांची हजेरी

टीव्हीवर जुनं कार्टून लागलं की आमच्या शेजारचे सुभेदारआबा सावधान उभे राहतात. सुरुवातीला कलाकारांची नावं येतात, तेवढा वेळ. सातारच्या आमच्या कॉलनीत निवृत्त फौजी पुष्कळ आहेत, पण कार्टूनवाल्यांची हजेरी घेणारे हे एकटेच.

नावं इंग्रजीत, म्हणून वाचायला मी. मी इंग्रजी शाळेतली, आणि चारचौघांत तोंड न उघडणारी. आबा रिमोटने चित्र थांबवतात, मी नाव पुटपुटते आणि त्या माणसाच्या वतीने आबा ओरडतात, "हाजिर!"

"मोठ्यानं, पोरी! मुंग्यांची हजेरी घेतीस व्हय?"

हजेरी झाल्याशिवाय कार्टून पुढे सरकत नाही.

एकदा मी कुठेतरी वाचलेलं त्यांना सांगितलं. कार्टूनच्या त्या जुन्या स्टुडिओंत मुख्य चित्रकार एखाद्या उडीआधीचं चित्र काढायचा आणि उडी संपल्यावरचं. मधली सगळी चित्रं हाताखालची माणसं काढायची. रंग भरायला मुली असायच्या. त्यांतल्या बहुतेकांची नावं पडद्यावर यायचीच नाहीत.

आबांनी रिमोट खाली ठेवला. "म्हंजे इतकी वर्सं आपली हजेरी अर्धीच?"

"हो."

"मग पिच्चर बंद. आदी नावं हुडक."

मी शोधलं. थोडी सापडली, बाकीची कुणी लिहूनच ठेवली नव्हती. आबा मात्र हटेनात. पडद्यावर कोंबडा एक पाय वर करून अडकलेला, आणि इकडे आबांच्या बायकोची, काकूंची, मालिका बुडायला लागली.

"आवं, ती मानसं कवाच गेली," काकू लसूण सोलत म्हणाल्या. "कोंबडा उडाला, पल्याड पडला. मधलं कोन बगतंय?"

 आबा काकूंकडे न बघता मला म्हणाले, "मी सुट्टीवर आलो तवा पोरगं रांगत हुतं. फुडच्या सुट्टीला बघतो तर अंगनात पळतंय. मधली समदी चित्रं हिनं काढली."

लसणाची पाकळी काकूंच्या हातातच राहिली.

आबा उठून सावधान झाले. "पोरी, हिचं नाव घे." स्वतः त्यांनी बायकोचं नाव कधी तोंडातून काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

"शालनकाकू!" मी म्हटलं. माझाच आवाज मला केवढा तरी मोठा वाटला.

आबांचं 'हाजिर' काही आलं नाही. 

"हाय की हितंच," शेवटी काकूच म्हणाल्या. "लावा आता तुमचा कोंबडा."

कोंबडा उडाला, पडला, कार्टून संपलं. आबा तसेच उभे होते.